रकानेबाई आणि चोवीस ट्रे

रकानेबाईंनी आपल्या साहेबाला बर्फाच्या खोलीत कोंडून घातलं, ही बातमी आमच्या इमारतीत आली ती इस्त्रीच्या कपड्यांबरोबर. तळमजल्यावर ती अर्ध्या तासाची होती. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोन तासांची झाली. चौथ्या मजल्यावर तर साहेबाच्या मिशीवर बर्फ धरला होता आणि चौघांनी त्याला उचलून उन्हात आणून ठेवलं होतं. अजून वर गेली असती तर साहेब बहुधा वारलाच असता. पण वर नुसती पाण्याची टाकी आहे, म्हणून वाचला बिचारा.

आता खरं ते सांगून टाकायला हवं. एक तर त्या साहेबांना मिशी नाही. दुसरं, खोली बर्फाची नव्हे, नुसती थंड, आठ अंशांची. त्याहून गार आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन जावांचं आपसातलं बोलणं असतं. दार आतून उघडता येत होतं, आणि दाराच्या सगळ्यांत जवळ साहेबच उभे होते. आत गेले ते घड्याळ लावून एकोणीस मिनिटं, अंगात स्वेटर घालून, तोही दुसऱ्याचा. कोंडलं कुणीच नाही. उभं केलं. आणि ज्याला उभं करायला हवं होतं त्यालाच केलं, एवढीच काय ती बाईंची चूक.

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाट्या वाचतो कोण? सगळे रकानेबाईच म्हणतात. त्या एका संशोधन संस्थेत कामाला आहेत. तिथे प्रयोग करणारी माणसं रोज मापं घेतात. काय किती वाढलं, किती तापलं, किती मेलं. ती सगळी संगणकात भरायची असतात. भरायची कुठे, कुठल्या क्रमाने, कुठला रकाना मोठा, कुठला लहान, कुठलं बटण हाताशी, ती स्क्रीन बाई आखतात. आतलं माहितीचं कोठार दुसरे लोक बांधतात. कोठाराचं दार तेवढं बाईंचं. त्यांचं म्हणणं असं की कोठार कितीही टोलेजंग बांधा, दार अडनिडं असलं तर पोती बाहेरच भिजतात.

घरीही हा आजार सुटत नाही. फाटकावरच्या वहीत ‘कोणाकडे आलात’ हा रकाना अंगठ्याएवढा आणि ‘शेरा’ हा रकाना हातभर, यावरून त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला भर जिन्यात तासलं होतं. सेक्रेटरी अजून जिना चढण्याआधी वर बघतो. त्यांच्या सासूबाईंना मध्यंतरी गुडघ्याने धरलं तर सुनेने दुखण्याचा तक्ता करून दिला. ‘आज दुखतंय का?’ पुढे तीन चौकोन: हो, नाही, सांगायचं नाही. सासूबाई महिनाभर तिसऱ्याच चौकोनात फुली मारत होत्या. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट पाहिला नाही. सासूबाई म्हणाल्या, “असा कागदही कुठे पाहिला होतात? पहिल्यांदाच कुणी माझ्या मनातलं छापलं.”

बाईंची काम करायची एक रीत आहे. स्क्रीन आखायच्या आधी आठ दिवस त्या संगणकाला हात लावत नाहीत. जो माणूस ती स्क्रीन वापरणार त्याच्या मागे मागे फिरतात. तो वाकला की वाकतात, थांबला की थांबतात, त्याला शिंक आली तरी लिहून ठेवतात. संस्थेतले लोक पहिल्यांदा हसले. मग एकदा बाईंनी थंड खोलीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातून रबरी हातमोजे उपसून टेबलावर मांडले. प्रत्येक मोज्यावर बॉलपेनने आकडे. थंडीत, हातमोजे घालून, जुन्या स्क्रीनवरची मुगाएवढी बटणं दाबता येत नव्हती. म्हणून माणसं मापं हातमोज्यावर लिहीत, बाहेर येऊन आठवतील तेवढी भरत आणि मोजे फेकून देत. बाई म्हणाल्या, “संस्थेचं अर्धं विज्ञान रोज सफाईवाला घेऊन जातो.” तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या थंड खोलीचे धनी म्हणजे थंडीकाका. प्रयोगशाळेतले मदतनीस, बावीस वर्षं त्याच खोलीत. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, म्हणून हे नाव. बोलणं अगदी मोजकं, जणू शब्दही गारठ्यातून आणावे लागतात. खोलीत समोरासमोर दोन मांडण्या. डावीकडच्या मांडणीवर एक ते बारा नंबरचे ट्रे, उजवीकडे तेरा ते चोवीस. प्रत्येकात कोवळी रोपं, दर तीन-चार महिन्यांनी नवी. डावीकडच्या रोपांना संस्थेचं नवं औषधी पाणी, उजवीकडच्यांना साधं. थंडीत कोण तग धरतो ते बघायचं. काकांनी रोज सकाळी प्रत्येक ट्रेमधल्या खुणेच्या रोपाची उंची पट्टीने मोजायची आणि भरायची. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातात मोजे. मास्कमधून वाफ वर गेली की चष्मा धुरकट. म्हणून काका डोळ्यांपेक्षा पायांवर जास्त विसंबत. पाय मांडणीपुढून पुढे सरकत, बोट ‘पुढे’ हे बटण दाबत.

बाई आठ दिवस काकांमागे त्या खोलीत फिरल्या, दोनदा आजारी पडल्या आणि मग त्यांनी स्क्रीन आखली. तिच्यावर यादी नव्हतीच. ट्रॉलीवरच्या टॅबवर खोलीचंच चित्र: डावीकडे मांडणी, उजवीकडे मांडणी, ट्रे जिथे आहे तिथेच त्याचा चौकोन, बोराएवढा नव्हे, चांगला बिस्किटाएवढा. ज्याच्यापुढे उभे आहात तोच दाबायचा. चुकायचं म्हटलं तरी जमेना. आणि शेवटी बाईंचा लाडका रकाना: भरलेला आकडा कुणालाही बदलायचा असेल तर ‘कोणी’ आणि ‘का’ हे लिहिल्याशिवाय स्क्रीन पुढे जाऊच देत नसे. शास्त्रज्ञ कुरकुरले. बाई म्हणाल्या, “खोडायला लाज नाही, तर कारण लिहायला कशी वाटते?”

काकांनी ती स्क्रीन पाहिली आणि एवढंच म्हणाले, “ही माझीच खोली आहे.” बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं केलेलं हे सगळ्यांत मोठं कौतुक. बाईंनी ते घरी येऊन जेवताना तीनदा सांगितलं.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग संस्थेत नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हे. पण सगळं काही भिंतीवर मोठं करून दाखवायची हौस. एकदा पाहुणे आले, साहेबांनी त्यांना बाईंची स्क्रीन दाखवली, आणि पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. झालं. संध्याकाळी बाईंना बोलावणं.

“बाई, ही काय भातुकली मांडलीय? ट्रे काय, फळ्या काय. लहान मुलं वापरणार आहेत का?”

“काका वापरतात.”

“अहो, साधी यादी करा. नंबर, आकडा, नंबर, आकडा. सुटसुटीत. मी बाहेरच्या मंडळींना सांगितलंय, ते सगळीकडे एकसारखी करून देतील. आणि ते ‘कोणी’, ‘का’ काढून टाका. पोलीस चौकी आहे का ही?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि इथेच त्यांनी ती चूक केली, जी त्या अजून स्वतःला माफ करत नाहीत. बाहेरच्या मंडळींनी नवी स्क्रीन करून आणली तेव्हा ‘पाहिली, मान्य आहे’ या कागदावर बाईंची सही लागत होती. बाई रुसल्या होत्या. स्क्रीन उघडूनसुद्धा न बघता त्यांनी सही ठोकली आणि म्हणाल्या, “घाला काय गोंधळ घालायचा तो.” ज्या बाई फाटकावरची वही तपासल्याशिवाय आत येत नाहीत, त्यांनी ही सही न बघता केली. रुसवा असा असतो; आपलं नाक कापताना हात थरथरत नाही.

तीन महिने गेले. एका संध्याकाळी थंडीकाका बाईंच्या दारात उभे. स्वेटर होताच. बाईंना वाटलं आपल्याकडेच आलेत; पण काका म्हणाले, “चष्मेवाले आहेत का घरी?”

चष्मेवाले म्हणजे बाईंचे यजमान. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. अतिशय गरीब गाय. बायको दिवसभर तापते आणि हे काचा पुसतात. अक्षरांचा एक तक्ता घरच्या भिंतीवरही लावलेला असतो.

“बसा काका. काय होतंय?”

“डोळे तपासा. मला दिसेनासं झालंय बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? दिसतंय की नाही ते तुम्हालाच कळणार ना!” आतून सासूबाई.

“मला दिसतंय असं वाटतं,” काका म्हणाले. “पण ते म्हणतात, दिसत नाही.”

चष्मेवाल्यांनी काकांना तक्त्यापुढे बसवलं. काकांनी चष्मा चढवून पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, सगळ्यांत खालची बारीक ओळ वाचली आणि न थांबता पुढेही काहीतरी वाचलं.

“काका, ते छापखान्याचं नाव आहे. ते वाचायचं नसतं.”

“हां, मग ठीक,” काका ओशाळून म्हणाले.

चष्मेवाल्यांनी नंबराच्या चिठ्ठीसाठी काकांच्या चष्म्याचं घर उघडलं, तर आत घडी घातलेला दुसराच कागद. तो जमिनीवर पडला. काका उचलायला वाकले, पण बाई आधी पोचल्या. त्यांच्या हाताला कागदाची चटक आहे.

नोटीस होती. काकांनी केलेल्या नोंदी निष्काळजीपणाच्या आढळल्या आहेत. साधं पाणी दिलेली रोपं औषधी पाणी दिलेल्यांपेक्षा उंच दाखवली आहेत, जे अशक्य आहे. तूर्त थंड खोलीत पाऊल ठेवायचं नाही. गुरुवारी चौकशी. आणि शेवटी असं: आपण मागील बावीस वर्षांत केलेल्या सर्व नोंदींवर ‘संशयास्पद’ असा शेरा का मारू नये, याचा खुलासा करावा.

बाईंनी ती एकदा मनात वाचली, एकदा मोठ्याने वाचली. सासूबाई बाहेर येऊन दारात टेकल्या.

“पाच महिन्यांनी घरी बसणार मी,” काका म्हणाले. “बसेन. त्याचं काही नाही. पण ते बावीस वर्षांचं… रोज मोजलंय हो. ताप असताना मोजलंय. म्हणून म्हटलं, आधी डोळे बघून घ्यावेत. खरंच दोष असेल तर तसं लिहून देईन.”

चष्मेवाले हळूच म्हणाले, “डोळे ठणठणीत आहेत, काका.”

“मग डोकं असेल,” काका म्हणाले.

सासूबाईंना ते सहन झालं नाही. “चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी निघालाय दोर तपासायला! अगं, काहीतरी बोल की!” हे सुनेला.

सून बोलली, पण भलतंच. “काका, रोपं कशी आहेत?”

“डावीकडची झकास. हातभर कौतुक करावं अशी. उजवीकडची बापडी पिवळी पडलीत.”

“मग कागदावर उलटं कसं?”

“ते मला काय ठाऊक? कागद मला कोण दाखवतं?”

“आणि डावीकडची चांगली आहेत हे तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?”

काकांनी जरा विचार केला. “कुणी विचारलं नाही.”

यानंतर रकानेबाईंचा जो आवाज लागला तो खालच्या मजल्यावर नीट ऐकू गेला, त्यामुळे तो इथे लिहायची गरज नाही. मुद्दा एवढाच होता की तीन महिने एवढी शिकलेली माणसं आकड्यांपुढे डोकं धरून बसली, भिंतीवर आलेख मोठे करकरून बघितले. पण बारा पावलांवरचं दार उघडून दोन मांडण्यांकडे एकदा नजर टाकायला एकाचेही पाय वळले नाहीत. एक उंच, एक खुजी. लहान पोरानेही सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ती नवी स्क्रीन उघडली. पहिल्यांदा. आणि पहिल्याच नजरेत त्यांचा चेहरा उतरला.

यादी होती खरी सुटसुटीत. पण क्रम असा: १, मग १०, ११, १२, असं करत १९ पर्यंत, त्यानंतर २, मग २० ते २४, आणि मग कुठे ३, ४, ५. हे आकडे आहेत, असं संगणकाला कुणी बजावून सांगितलं नाही तर तो त्यांना अक्षरं समजतो आणि शब्दकोशातल्यासारखे लावतो. एकाने सुरू होणारे सगळे आधी. शिकाऊ उमेदवारालाही ही खोड माहीत असते. ट्रेचे नंबर बाजूला लिहिले होते. करड्या पट्टीवर करडे, तिळाएवढे, साहेबांच्या आवडीचे. रकाना भरून ‘पुढे’ दाबलं की टॅब आपोआप खालच्या ओळीवर.

काका आपले बावीस वर्षांच्या पावलांनी एकापुढून दोनवर, दोनपुढून तीनवर. आणि टॅब एकवरून दहावर, दहावरून अकरावर. दोनची उंची दहाच्या नावावर, तीनची अकराच्या. चोवीस नंबरचं बापडं पिवळं रोप नऊ नंबरच्या खात्यात. पहिला ट्रे सोडला तर चोवीसांतल्या एकाचीही उंची आपल्या जागेवर नव्हती. त्यात डावीकडच्या बारांपैकी सात ओळींत उजवीकडची खुजी रोपं येऊन बसली आणि त्यांची उंच रोपं उजवीकडे गेली. म्हणून साधं पाणी जिंकलं. रोज, न चुकता, तीन महिने.

आणि खाली बाईंची सही. पाहिली, मान्य आहे.

बाई दहा मिनिटं ती सही बोटाने खरवडत बसल्या. हे त्यांच्या शेजारच्या टेबलवालीने नंतर शपथेवर सांगितलं. तिला वाटलं, बाईंना बरं नाही. मग उठल्या आणि तडक साहेबांच्या खोलीत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हे, म्हटलं ना. पण खुर्ची ऐकू देत नाही.

“बाई, क्रम जरा इकडेतिकडे असेल. पण नंबर लिहिलाय ना बाजूला? वाचायचा आणि भरायचं.”

“करड्यावर करडा, तिळाएवढा?”

“मला इथून व्यवस्थित दिसतो.”

“तुम्हाला इथे खुर्ची आहे, साहेब.”

“हे बघा, चूक झाली ती भरणाऱ्याची. स्क्रीन काय, सगळ्यांना सारखीच.”

“मग तुम्ही भरा.”

“म्हणजे?”

“गुरुवारी चौकशी आहे. ती या खोलीत नको, थंड खोलीत घ्या. मास्क लावा, मोजे घाला, चोवीस ट्रे मोजा आणि तुमच्या स्क्रीनवर भरा. तुमच्याकडून बिनचूक झालं तर काकांच्या शेजारी माझंही नाव लिहा नोटिशीत. मीच लिहून देते.”

साहेब हसले. “अहो, दहा मिनिटांचं काम आहे ते.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौकशी समितीत माती तपासणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या; गुडघ्यापर्यंतचा चिखल अंगवळणी पडलेला. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “जाऊ की. मलाही तेवढाच गारवा.” आता मागे हटलं तर साहेबांची इभ्रत जाणार.

गुरुवारी थंड खोलीबाहेर वरात. साहेबांचा सदरा पातळ. स्वेटर कुणी आणलेला नाही. थंडीकाकांनी आपला काढून दिला. बावीस वर्षांत प्रथमच लोकांनी काकांना स्वेटरशिवाय पाहिलं. अंगाने अगदीच किडकिडीत निघाले. काकांना आत जायला मनाई, म्हणून ते बाहेर काचेशी उभे राहिले. साहेब, मातीवाल्या बाई आणि रकानेबाई आत.

“मी काही बोलणार नाही,” रकानेबाई म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वचन, पण पाळलं.

साहेब मोजत गेले, मोठ्याने म्हणत गेले. मातीवाल्या बाई पेन्सिलने वहीत लिहीत गेल्या.

“एक नंबर, अठ्ठेचाळीस मिलिमीटर.” टक. पुढे. “दोन नंबर, एकावन्न.” टक. पुढे. बोटाला मोजा, मोज्यात बोट सैल. एकदा एकावन्नचे पाचशे अकरा झाले, ते खोडले. तिसऱ्या ट्रेला साहेबांच्या चष्म्यावर पहिली वाफ आली. साहेबांनी तो कोपराने पुसला, मग स्वेटरच्या बाहीने पुसला, मग नाद सोडला. सातव्या ट्रेनंतर त्यांनी स्क्रीनकडे बघायचंच सोडलं. पाय पुढे, बोट पुढे. अगदी काकांसारखं. नंतर मातीवाल्या बाई म्हणत होत्या, “मला तर हसू फुटणार होतं, पण वाफ झाली असती.”

एकोणीस मिनिटांनी साहेब नाक लाल करून बाहेर आले. चेहऱ्यावर विजय. “बघा, झालं की नाही?”

मातीवाल्या बाईंनी वही उघडली. “साहेब, नऊ नंबर किती म्हणालात?”

“त्रेपन्न असेल. डावीकडची सगळी पन्नासच्या आसपास आहेत.”

“वहीत त्रेपन्न आहे. स्क्रीनवर तुम्ही सव्वीस भरलंयत.”

साहेबांनी टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मातीवाल्या बाई एकेक नंबर वाचत गेल्या. एक सोडला तर एकही जुळेना. शेवटी त्यांनी दोन्हीकडची सरासरी काढली आणि टॅब सगळ्यांना दाखवला. साहेबांनी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना, दिवसाढवळ्या पुन्हा साधं पाणीच जिंकवलं होतं.

काका काचेपाशी हात चोळत उभे होते. त्यांनी सगळं नीट समजून घेतलं आणि अगदी काळजीने विचारलं, “मग आता साहेबांनाही नोटीस येणार का हो?”

मनात काही नव्हतं त्यांच्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

काकांची नोटीस दुपारी परत घेतली गेली. तीन महिन्यांचे आकडेही वाचले. काका इतक्या नेमाने चुकले होते, की रोजचा प्रत्येक आकडा कुठून कुठे गेला ते सरळ कळत होतं. बेशिस्त माणूस असता तर सगळं कचऱ्यात गेलं असतं. निष्काळजी ठरवलेल्याच्या काटेकोरपणाने संस्थेचा प्रयोग वाचला, यावर मात्र कुणी पत्रक काढलं नाही. बाईंनी आपली जुनी चित्राची स्क्रीन परत बसवली, तिच्यासोबत ‘कोणी’ आणि ‘का’ हे रकानेही, या खेपेला जरा आणखी खोदून विचारणारे. मग तीन महिन्यांचे सगळे आकडे आपापल्या जागी नेऊन ठेवले. आता एवढे आकडे हलवले म्हटल्यावर त्यांच्याच रकान्यांनी त्यांना विचारलं: हा बदल का करावा लागला? मूळ चूक कोणाची?

बाईंनी लिहिलं, क्रम चुकीचा असलेली स्क्रीन न पाहता मान्य केली. पुढे स्वतःचं नाव, आडनावासकट. एकही अक्षर आखूड केलं नाही. लिहिताना कान लाल झाले होते म्हणे, पण लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती: स्क्रीन कोणाच्या सांगण्यावरून बदलली.

तेवढ्यात साहेब त्यांच्या टेबलाशी आले. थंडीकाका शेजारीच उभे होते. स्वेटर परत मिळाला होता, त्याला साहेबांच्या अत्तराचा वास येत होता आणि काका दर दोन मिनिटांनी बाही हुंगून तोंड वाकडं करत होते. साहेबांनी स्क्रीनवर नजर टाकली, बाईंचं नाव वाचलं, खालची रिकामी ओळ वाचली आणि आवाज मऊ करून म्हणाले, “बाई, झालं गेलं. नावंबिवं कशाला घालत बसता? हे पुढे दहा वर्षं लोक वाचणार. त्यापेक्षा नुसतं ‘मानवी चूक’ असं लिहा आणि मिटवून टाका.”

बाईंनी खुर्ची वळवली, काकांकडे एकदा पाहिलं आणि साहेबांना म्हणाल्या,

“लिहिते की, ‘मानवी चूक’. पण पुढचा रकाना विचारतोय, कुठला मानव? एक मी घातलाय. दुसऱ्याचं नाव तुम्ही सांगता, की पुन्हा थंड खोलीत जाऊन आठवायचं?”